मेहुण्याकडून घेतलेल्या गाडीची डिकी

श्रावणातल्या पहिल्या रविवारी डिकी धुवायला मी चटई अर्धी दुमडून आत बादलीभर पाणी ओतलं आणि ते आत थांबलंच नाही. खाली फरशीवर सरळ धार लागली. वाकून पाहिलं, तर डिकीच्या तळातून मला आमच्या इमारतीच्या आवाराची फरशी दिसत होती. भोक हाताच्या पंज्याएवढं होतं. बोट घातलं तर कडेचा पत्रा पापडासारखा मोडून हातात आला.

ही गाडी दोन वर्षांपूर्वी मी बायकोच्या थोरल्या भावाकडून घेतली होती. लढाईनंतरची लहान इंग्रजी गाडी, काळ्या रंगाची, चार दारांची. मेहुणा गिरगावात राहायचा. एका वकिलाच्या कचेरीत त्याने जन्म काढला, आणि पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला म्हणून त्याने गाडी चालवणं सोडलं. बाहेर कुणाला विकण्यापेक्षा घरात राहील, म्हणून त्याने ती मला विकली. त्या वेळी त्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, त्यांच्या घरचा गणपती लालबागच्या कारखान्यातून या गाडीतूनच येत आला आहे, तर वर्षातून तेवढा एक दिवस मी गाडी घेऊन यावं. दुसरी, ज्या गाडीतून गणपती येतो तिच्यातून त्यांनी कधी मासळी आणली नाही, मीही शक्यतो आणू नये. पहिल्या गोष्टीला मी हो म्हटलं. दुसऱ्या गोष्टीला नुसती मान हलवली होती. हो म्हटलं नव्हतं. हा फरक मी तेव्हापासून नीट लक्षात ठेवला होता.

भोक पाहिल्यावर ती दुसरी अट मला वेगळ्याच उजेडात दिसू लागली. मासळी आणू नका, म्हणजे डिकीत ओलं काही ठेवू नका. म्हणजे तळ पाणी धरणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं. देवाचं नाव पुढे करून त्याने पत्र्यावर पांघरूण घातलं होतं.

मी काथ्याची चटई पूर्ण उचलली. चटईच्या वर मी गोणपाटाचे दोन थर घालत असे, ते दर महिन्याला बदलत असे. पण चटई अशी पूर्ण कधी उचलली नव्हती. उचलली तशी डाव्या कोपऱ्यात मला हवं ते सापडलं. एक ठिगळ. आठ इंच लांब, साडेपाच इंच रुंद, चौदा रिव्हेटा मारलेलं, आणि वरून काळ्या रंगाचा हात दिलेला. मी खिशातली पट्टी काढून दोनदा मोजलं. ते ठिगळ मी लावलेलं नव्हतं. गाडी माझ्याआधी एकाच माणसाकडे होती.

विमा कंपनीच्या हिशेबखात्यात मी तेव्हा बावीस वर्षं काढली होती. लोक खोटं का बोलतात यापेक्षा ते कुठे बोलतात हे शोधायची मला सवय होती, आणि बहुतेक वेळा ते जिथे वरून नवा रंग दिलेला असतो तिथेच सापडतं. शिवाय ते दिवसच असे होते की कोण कुणाच्या बाजूचा, याचा विचार माणूस जेवताना, चालताना करत असे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. आमच्या कचेरीत डबा खाताना दोन टेबलं वेगळी झाली होती. मेहुण्याजवळ मुंबईचा विषय काढला की तो चष्मा पुसत म्हणायचा, "बघू काय होतं ते." मुंबईत जन्मलेला, मुंबईत सात पिढ्या काढलेला मराठी माणूस "बघू" म्हणतो, हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

त्याच रात्री जेवणानंतर मी त्याला पत्र लिहायला बसलो. डिकीचा तळ विक्रीच्या वेळीच कुजलेला होता व तो ठिगळ लावून, रंग देऊन झाकला होता असं आढळून आलं आहे, तरी यंदा गणपतीसाठी गाडी येणार नाही, असं लिहिलं. खाली ठिगळाची आकृती काढली आणि मापं घातली.

बायकोने ते वाचलं. ती ताट पुसत होती, ती पुसतच राहिली.

"हे टाकलंत तर मी गणपतीला माहेरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तुझ्यावर आरोप नाही. तू खुशाल जा."

"दादा लबाड, आणि माझ्यावर आरोप नाही!" ती म्हणाली. "बाबा गेल्यावर माझं लग्न कुणी केलं? त्याला एकदा विचारा तरी. समोर बसून विचारा."

"समोर बसलं की माणूस सावरून घेतो."

"अहो, माझं माहेर म्हणजे ते एक घर आहे. दुसरं नाही," ती म्हणाली, आणि आत गेली.

सकाळी मी पत्र पेटीत टाकलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. साधं कार्ड, तीन वाक्यं: "गाडी तुमची आहे. गणपती टॅक्सीने आणू. बायला दीड दिवस पाठवावं." बाय म्हणजे माझी बायको, माहेरी तिला तेच म्हणत. त्याने काही नाकारलं नव्हतं. नाकारलं असतं तर मला शंका आली असती. नाकारलं नाही म्हणून खात्रीच झाली. बायकोने कार्ड वाचून देवघराच्या फळीवर ठेवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. गणपतीला चार आठवडे होते.

डिकी तर दुरुस्त करायलाच हवी होती. दादरमधल्या दोन कारागिरांना दाखवली. एक म्हणाला, पुटिंगची लांबी भरून रंग देतो, दोन तासांत गाडी घेऊन जा. दुसरा म्हणाला, मागची सगळी बॉडीच बदलावी लागेल. दोघांवरही माझा विश्वास बसला नाही. कचेरीतल्या एकाने भोईवाड्यातल्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड होती. मिस्त्री मालवणकडचा, पन्नाशीचा, पूर्वी गिरणीच्या दुरुस्तीखात्यात होता. त्याने डिकीत डोकं घातलं, पेचकसाच्या मुठीने तळावर ठोकत ठोकत फिरला. चांगल्या पत्र्याचा आवाज टणक येत होता, कुजलेल्याचा ओल्या पुठ्ठ्यासारखा. जिथे आवाज बदले तिथे तो पेचकस टोचून पाही.

"टोचू नका," मी म्हणालो. "भोक वाढतंय."

"वाढता नाय, साहेब. होता तां दिसता."

मी खिशातून पेन्सिल काढली आणि भोकाच्या कडेने रेघ मारून ठेवली, तारखेसकट. मिस्त्रीने ती रेघ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"सही पन करा," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं असं होतं की कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, तेवढ्याच मापाचा नवा तुकडा बसवायचा आणि गॅसने वेल्डिंग करायचं. पण पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीच होती. ती उतरवल्याशिवाय ज्योत जवळ नेणार नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगितलं. मला वाटलं, हा पेट्रोल काढून घ्यायचा बहाणा. मी लाकडी पट्टी टाकीत घालून मोजलं: पावणेतीन गॅलन. ते त्याने माझ्या समोर एका डब्यात ओतलं. मी झाकणावर दोरी बांधली, कचेरीत पाकिटांना वापरतो ती तांबडी लाख घरून आणली होती, ती शेडच्या बाहेर लांब जाऊन वितळवली आणि गाठीवर ओतून माझी अंगठी दाबली. मिस्त्री विडी न पेटवता तोंडात धरून हे सगळं पाहत होता.

"साहेब, माझ्याच शेडीत पेट्रोल, माझ्याच शेडीत आग, आनी मोहर तुमची! घेऊन जावा घराक. उशाखाली ठेवा."

"घरी नको. इथेच ठेवा. पण मोहर मोडू नका."

पत्राही मी त्याला आणू दिला नाही. त्याने वीस गेजचा सांगितला. वीसचे पैसे घेऊन पातळ बावीसचा लावतील अशी माझी समजूत होती. रे रोडला भंगारवाल्यांच्या गल्लीत दीड तास फिरून मी स्वतः अडीच फूट बाय दोन फुटांचा तुकडा आणला, गंज नाही हे उन्हात धरून पाहून. रोज कचेरीतून सुटलो की परळला उतरून शेडमध्ये तासभर स्टुलावर बसत असे. खिशात बायकोच्या शिवणाच्या डब्यातला लोहचुंबक होता. टाचण्या सांडल्या की ती तो वापरत असे. पुटिंगला लोहचुंबक चिकटत नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री म्हणाला, उद्या हरताळ, शेड बंद. हरताळ होता हे मलाही माहीत होतं. पण परवाही बंद म्हणाला तेव्हा मला ते पटलं नाही. दुसऱ्याची गाडी आधी घेतली असणार. परवाच्या दिवशी मी भोईवाड्यात जाऊन आलो. शेडला कुलूप होतं. संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा होती, तिथे गेलो. सभेसाठी गेलोच असतो, पण त्या दिवशी माझी नजर व्यासपीठावर कमी आणि गर्दीत जास्त होती. मैदानाच्या कडेला एका झाडाखाली मिस्त्री सापडला, खांद्यावर झेंडा टाकून उभा. मी जवळ जायच्या आत त्याने मला पाहिलं.

"बघूक इलास?" तो मोठ्याने ओरडला. आजूबाजूचे चारजण वळले. "हंयच आसंय मी! आधी मुंबय मिळूंदे, मगे तुमची डिकी!"

लोक हसले. मीही थोडा हसलो. पण घरी येताना माझ्या मनात आलं, सभा साडेसहाची होती. सकाळभर हा कुठे होता?

हरताळानंतर काम पुढे गेलं. मिस्त्रीने वर्तमानपत्राचा कागद तळावर अंथरून कापायच्या भागाचा नमुना काढला, आणि पत्रा कापण्याआधी तारेच्या ब्रशाने उरलेला गंज घासायला घेतला. मी स्टुलावर होतो. मी त्याला सांगून ठेवलं होतं की कापून काढलेला प्रत्येक तुकडा मला हवा, विशेषतः ते ठिगळ. मला ते मेहुण्याच्या समोर ठेवायचं होतं.

"ठिगळ कशाक काढतास?" मिस्त्री म्हणाला. "सगळ्या डिकीत तोच एक पत्रो धड आसा. खालसून जॅक घुसलो असतलो, तां भोक कोणीतरी चांगल्या हातान बुजवल्यान. ह्यां हंयच ऱ्हवांदे."

"ते लपवण्यासाठी लावलंय."

"लपवूचा असता तर रिव्हेटी दिसाक दिल्यो असत्यो?"

मी रिव्हेटा पुन्हा एकदा मोजल्या. तो घासत राहिला. मग ब्रश थांबला.

"साहेब, हंय येवा."

घासून झालेल्या जागी गंज एकसारखा पसरलेला नव्हता. मधे भोक आणि त्याच्याभोवती खोल खाल्लेला पत्रा, आणि या सगळ्याची बाहेरची कड गोल होती. कंपासाने काढल्यासारखी गोल. त्या गोलाच्या बाहेर पत्रा काळवंडलेला होता, पण शाबूत होता. मिस्त्रीने वाकून मला खालची बाजूही दाखवली. रस्त्याच्या बाजूचा कंपनीचा काळा थर अजून जागेवर होता. गंज खालून आला नव्हता. वरून आला होता. त्याने गोलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि जिभेला लावला.

"खारा," तो म्हणाला. "ह्यां मीठ आसा."

"दादरला समुद्र जवळ आहे. हवेत खार असतो."

"हवेचा मीठ असा गोल बसता?"

मी पट्टी काढली. मापायला काही नसतानाही मी मापतो, ती माझी सवय. व्यास पंधरा इंच.

आकडा तोंडातून बाहेर पडला आणि मला कुठेतरी तो ओळखीचा वाटला. पण मिस्त्रीचं अजून संपलं नव्हतं. त्याने गोलाच्या पुढे, तळाच्या सगळ्यांत खोलगट भागात पेचकस घातला आणि काहीतरी उचकटून काढलं. औषधाच्या बाटलीचं बूच होतं.

"कंपनीन पानी जावक हंय भोक दिलेला. कोणीतरी बूच मारल्यान. वरचा पानी जातला खंय?" त्याने बूच उलटं केलं. वरच्या बाजूने ते लाखेने बंद केलेलं होतं. तांबडी लाख. मिस्त्रीने ते बूच पाहिलं. मग मान वळवून कोपऱ्यातल्या पेट्रोलच्या डब्याकडे पाहिलं, त्याच्या झाकणावरच्या तांबड्या मोहरेकडे. मग बूच माझ्या तळहातावर ठेवलं आणि विडी पेटवायला शेडच्या बाहेर गेला.

ते बूच मीच लावलं होतं. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली होती की माझ्या गाडीखाली मासळीचं पाणी ठिबकतं आणि आवाराला वास येतो. मी डिकीत शोधून ते भोक बंद केलं, वरून लाख ओतली, आणि काम पक्कं झालं म्हणून समाधान मानलं होतं. मग ते विसरून गेलो होतो.

मासळी दर रविवारी भाऊच्या धक्क्यावरून यायची. दादरच्या बाजारातल्या कोळणींवर माझा विश्वास नव्हता. कालची मासळी आजची म्हणून विकतात असं मला वाटे. म्हणून मी पहाटे स्वतः धक्क्यावर जाऊन आमच्या आणि शेजारच्या दोन घरांपुरती मासळी आणत असे. तिथवर ठीक होतं. पण आमच्याकडे आइस्क्रीमचा लाकडी संचा होता, हाताने फिरवायचा, आणि त्यात बर्फाबरोबर खडेमीठ घातलं की बर्फ जास्त थंड होतो, हे मी चांगलं अनुभवलेलं होतं. तेव्हा मासळीच्या टोपलीतही बर्फात मीठ घालावं असं मी ठरवलं. आठ शेर बर्फाला एक शेर मीठ. हे प्रमाण मी वहीत लिहून ठेवलं होतं. बायकोने तेव्हाच म्हटलं होतं, "मासळीला मीठ कशाला? लोक नुसत्या बर्फातूनच आणतात." मी तिला संचाचं उदाहरण देऊन गप्प केलं होतं.

घरी आलो तो सरळ मोरीत गेलो. टोपली उपडी ठेवलेली होती. श्रावणामुळे महिनाभर तिला काम नव्हतं. बुडाचा व्यास मोजला. पंधरा इंच.

मग मी खाटेवर बसून हिशेब केला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. दोन वर्षांचे एकशे चार रविवार. दोन श्रावणांचे नऊ वजा. आजारपण, उपास आणि हरताळ मिळून आणखी नऊ वजा. शहाऐंशी फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक शेर. म्हणजे दोन मण सहा शेर मीठ मी स्वतःच्या हाताने त्या पत्र्यावर विरघळवलं होतं, खाली काथ्या आणि गोणपाट घालून ते पाणी नीट धरून ठेवलं होतं, आणि त्याला जायला असलेली एकुलती एक वाट लाखेने बंद केली होती. मेहुण्याच्या काळात त्या डिकीत मासळीचा एक खवलाही पडला नव्हता. हे मला त्यानेच सांगितलं होतं, आणि मी ते त्याच्याविरुद्ध वापरलं होतं.

बायको दारात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. शहाऐंशी म्हणालो, दोन मण सहा शेर म्हणालो.

"आकडे मला नका सांगू," ती म्हणाली. "दादाला सांगा. आणि पत्राने नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कुजलेला भाग कापून काढला. त्या गोलाचा अर्धा तुकडा मी वर्तमानपत्रात गुंडाळला, बूच खिशात टाकलं आणि कचेरीतून सरळ गिरगावात गेलो. मेहुणा खिडकीजवळ बसला होता, चष्म्याच्या जाड भिंगांमधून वर्तमानपत्र डोळ्यांना लावून वाचत होता. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी आणायला सांगितलं. माझ्या हातातल्या पुडक्याकडे तो संशयाने पाहत होता. त्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.

मी पुडकं उलगडलं. गंजाची भुकटी त्यांच्या सतरंजीवर पडली.

"हे मी केलं," मी म्हणालो. "मासळी आणली. मीठ घातलं. पाण्याचं भोक बंद केलं." आणि बूच त्याच्यासमोर ठेवलं. "पत्रात लिहिलं ते चूक होतं. सगळं."

त्याने बूच उचलून डोळ्याजवळ धरलं, मग नाकाजवळ.

"मासळीचा वास मला पहिल्याच वर्षी आला होता," तो म्हणाला. "गणपती आणताना. मूर्ती मांडीवर होती आणि मागून वास येत होता."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? बायला त्रास झाला असता. तुम्ही हो म्हटलं नव्हतं, मान हलवली होती. ते मी पाहिलं होतं."

मला वाटलं होतं की हा फरक फक्त मलाच माहीत आहे.

"आणि ते ठिगळ," तो पुढे म्हणाला, "ते मी तुम्हाला दाखवलं होतं. जॅक घसरला होता तेव्हाचं. विकायच्या दिवशी डिकी उघडून दाखवलं. तुम्ही पुढे इंजिनावरचा नंबर उतरवून घेत होता. हूं म्हणालात."

मला ते आठवलं नाही. आजही आठवत नाही. पण इंजिनाचा नंबर माझ्या वहीत आहे, दोन वेळा तपासून टिक केलेला, तेव्हा मी तिथेच होतो एवढं खरं.

"गणपतीला गाडी घेऊन येऊ का?" मी विचारलं.

"टॅक्सी सांगितलेली नाही अजून," तो म्हणाला. "दुरुस्त होईल का तोवर?"

मिस्त्रीने ती दुरुस्त केली. नवा तुकडा बसवताना त्याने आधी समोरासमोरच्या जागी थोडे थोडे टाके घातले, पत्रा तापून वाकू नये म्हणून, आणि मग मधली जागा सलग भरली. कड घासून सपाट केली, वरून शेंदरी रंग, खालून डांबर. पाण्याचं भोक उघडं ठेवलं. ठिगळ जिथे होतं तिथेच राहिलं. मी लोहचुंबक खिशातून काढला नाही, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं.

"आज तपासूक नाय काय?"

"नाही."

"तपासा, तपासा. नायतर घराक जाऊन झोप येवची नाय तुमका."

मग मी तपासलं. सगळीकडे चिकटला. पेट्रोलचा डबा त्याने मोहरेसकट माझ्यापुढे ठेवला आणि मी मोजायच्या आत पाठ फिरवून उभा राहिला. पावणेतीन गॅलन होतं. निघताना त्याने खडूने डिकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं. "ह्यां फुकट," तो म्हणाला.

गणपतीच्या दिवशी सकाळी मी बायकोला घेऊन गिरगावात गेलो. मेहुणा खाली उतरला. लालबागला जाण्याआधी त्याने डिकीचं झाकण स्वतः उघडलं, वाकला आणि आत डोकं घालून लांब श्वास घेतला. गल्लीतले लोक पाहत होते. मी बाजूला उभा राहिलो.

"रंगाचा वास येतोय," तो म्हणाला. "दुसरा नाही."

झाकणावरची खडूची अक्षरं पुसायला मी रुमाल काढला, कारण त्याला ते आवडणार नाही अशी माझी समजूत होती. त्याने हात धरला.

"राहू द्या. त्यात खोटं काय लिहिलंय?"

तो मागे बसला, येताना मूर्ती मांडीवर घेऊन. बायको त्याच्या शेजारी. मी पुढे गाडी हाकत होतो आणि आरशात पाहत होतो. दर खड्ड्याला तो "सावकाश" म्हणत होता, आणि ती मला नाही, त्याला काहीतरी सांगत होती, आणि दोघं हसत होते.

त्यानंतर गाडीतून मासळी आली नाही. मी दादरच्या बाजारातूनच घेऊ लागलो. तिथली कोळीण मला अजून कालची मासळी देते असा माझा संशय आहे. फक्त तो मी बायकोला सांगत नाही. आणि ते पत्र, ठिगळाच्या आकृतीसह, मेहुण्याने मला कधी परत दिलं नाही. मीही मागितलं नाही. त्यांच्या खोलीत खिडकीजवळ एक काचेचं कपाट आहे, खालच्या खणात जुने कागद असतात. दर वर्षी आरतीला उभा राहिलो की माझी नजर एकदा तरी त्या खणाकडे जाते.